मुलगा फुरसुंगीचा

आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही. रेंजची एक जागा आहे. जगलबेटचा रस्ता सोडून आत वळलं की एक मोरी लागते. तिच्या डाव्या कठड्यावर पूर्वेकडं तोंड करून बसलं की फोनवर दोन दांड्या उमटतात, पश्चिमेकडं केलं की विझतात. संध्याकाळी अख्खं गाव तिथं एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून बसलेलं असतं. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी व्रत चाललंय. आवाज नीट जात नाही म्हणून प्रत्येक जण ओरडून बोलतो. त्यामुळे कुणाचं कर्ज मंजूर झालं, कुणाच्या सुनेला कितवा महिना आणि कुणाच्या जावयानं पुन्हा सुरू केली, हे गावाला आपोआप कळतं. सुप्याचं धरण आमच्या उशाला, काळी नदी पायथ्याला आणि भोवती व्याघ्रप्रकल्प. वीज दुसऱ्यांना, पाणी दुसऱ्यांना, वाघ तेवढे आमचे.

बेळगावला कॉलेजात शिकणारी माझी भाची सुट्टीला आली आणि रोज त्या कठड्यावर दिवे लागेपर्यंत बसू लागली. शेजारच्याच घरात राहणारी माझी बहीण एका सकाळी कासावीस होऊन आली.

"अण्णा, तू जरा बघ की. पोरगी फोनकडं बघून हसते. काल तर रडली."

हसण्याचं मी मनावर घेतलं नसतं. रडली म्हणजे प्रकरण पुढं गेलेलं होतं. मराठी शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे आमच्या घराण्यात चौकशा माझ्याकडं येतात. मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि भाचीला समोर उभं केलं.

"कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्यासाठी काल रडलीस तो."

"बनेश."

बहिणीनं पदर तोंडाला लावला.

"आडनाव?"

"फेणे."

"राहणार?"

"फुरसुंगी. पुण्याजवळ."

"शिकलेला तरी आहे का गं?" बहिणीला राहवेना.

"शाळेत आहे. विद्याभवनमध्ये."

"शाळेत? अगं, वय काय त्याचं?"

"आई, मामा हाफ पँटीत होता तेव्हाही तो शाळेतच होता."

"म्हणजे दरवर्षी नापासच होतोय की काय मेला?"

मी 'फेणे'पाशीच ओळखलं होतं. पण चौकशी मधेच सोडायची नाही, ही नोकरीतली सवय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! सायकलवरून वाऱ्यासारखा सुटणारा, काडीपहिलवान आणि तरी चोरांना जेरीस आणणारा. त्याची पुस्तकं मिळवायला मी पोरवयात काय काय केलं ते इथं सांगत नाही, कारण माझे काही विद्यार्थी आता पोलीस खात्यात आहेत.

"मग रडायचं काय त्यात?"

"नागपूरच्या एका बाईंनी त्याला म्हातारा केला, मामा. गुडघे दुखतात त्याचे. सायकल भंगारात घातली."

मी ताडकन उठलो. "भागवतांनी असं कुठंही लिहिलेलं नाही!"

"भागवतांनी नाही, बाईंनी लिहिलंय. फॅनफिक्शन म्हणतात त्याला."

त्या संध्याकाळी खिशात जळवांसाठी मिठाची पुडी घेऊन मीही कठड्यावर बसलो आणि ती गोष्ट वाचली. साठीतला बनेश भंगारवाल्याशी घासाघीस करतो, सायकल देतो, आणि रात्री पुन्हा जाऊन दुप्पट पैशांत परत आणतो. माझा चष्मा ओला झाला. कुणी विचारलं तर पाऊस होताच.

घरी येऊन मात्र मी तत्त्वाचा मुद्दा काढला. दुसऱ्याचं पात्र न विचारता उचलायचं आणि आपल्या गोष्टीत राबवायचं, ही चोरी नाही तर काय? भाची म्हणाली, ही चोरी जुनी आहे. कॉनन डॉयलनं १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं, तेव्हा वाचकांनी लेखकाला शिव्यांची पत्रं धाडली आणि कित्येकांनी स्वतःच होम्सच्या गोष्टी लिहायला घेतल्या. डॉयलला १९०३ मध्ये झक मारत त्याला परत आणावं लागलं. १९६७ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी सायक्लोस्टाइलच्या पत्रिका काढून त्यात आपापल्या गोष्टी छापल्या. त्यात बायका पुढं होत्या. आणि २०१९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांच्या कथासंग्रहालयाला विज्ञानकथांच्या जगातलं ह्यूगो पारितोषिक मिळालं.

"पारितोषिक मिळालं म्हणून चोरी शुद्ध होत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी शाळेत वापरत असे. तेव्हा समोरचे गप्प बसत.

ओट्यावर सुपारी सोलायला बसलेले शेजारी हसले. ते हव्यक, गुंदकडचे, आमच्याकडं बाग करायला आलेले. घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी आणि बागेतल्या माणसांशी कोकणी. तिन्ही भाषांत हट्टी.

"मास्तर, आमच्या ताळमद्दळेत आणखी काय चालतं? वेष नाही, नाच नाही. मांडी घालून बसायचं, गाणाऱ्या भागवतानं पद म्हटलं की कृष्णानं आणि कर्णानं आपापल्या मनानं बोलायचं. मागच्या खेपेला आमच्या कर्णानं कृष्णाला असा कोंडीत पकडला की कृष्णानं चहा मागितला."

"पण व्यासांनी—"

"व्यास कुठं ऐकायला बसलेत?"

मग त्यांनी मला माझ्याच भाषेचा इतिहास सांगितला, याचा राग अजून गेलेला नाही. १८४२ च्या सुमारास आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातली, होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी खेळ घेऊन सांगलीला गेली. चिंतामणराव पटवर्धनांनी तो बघितला आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली.

"म्हणजे बघा मास्तर, गोष्ट वाल्मीकीची, चाल आमच्या कर्कीची, आणि वाढदिवस तुमच्या नाटकाचा."

मी अपमान गिळून कपाटाकडं गेलो. तिथं माझी लाडकी पुस्तकं दिमाखात उभी होती. 'मृत्युंजय': पात्र व्यासांचं. 'राधेय': तेच पात्र, पुन्हा. 'ययाति': राजा व्यासांचा, दुःख खांडेकरांचं. व्यासांनी नुसती भाड्याची पावती फाडायची ठरवली असती तर निम्मं मराठी साहित्य थकबाकीत निघालं असतं. (कर्णाचं नशीब मात्र अजब. जिवंतपणी बाजू घ्यायला एक दुर्योधन, आणि आता दर गावात चार कादंबरीकार. नकुलाचा एकही चाहता मला आजवर भेटलेला नाही. त्याची आई तरी त्याला वेगळा ओळखत होती की नाही, कोण जाणे.)

कपाटाच्या तळाशी मोरोपंत निघाले. बारामतीच्या या सद्गृहस्थानं एक रामायण लिहून समाधान मानलं नाही. १०८ रचली म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर वापरायचं नाही. प नाही, ब नाही, म नाही. आता 'म' नाही म्हटल्यावर 'राम' कुठून येणार? नायकाचं नाव एकदाही न घेता पंतांनी नायकाची अख्खी कथा सांगून टाकली. हे सगळं मी बी.एड.ला शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पंत चाहते होते, हे पेपरात विचारलं नव्हतं.

तेव्हा मी गटात सामील व्हायचं ठरवलं. गट फोनवरचा; माणसं पुण्याची, नागपूरची, शारजाची, न्यू जर्सीची, आणि आता मोरीवरचा मी. टोपणनाव घेण्याची चाल होती. सगळ्यांनी रहस्यमय नावं घेतली होती. मी विचार करून लिहिलं: 'एक वाचक'. खाली सवयीनं पूर्ण नाव, निवृत्त मुख्याध्यापक, मुक्काम, पोस्ट, तालुका जोयडा (जुना सुपे), जिल्हा उत्तर कन्नड आणि पिनकोड.

"मामा, टोपणनावाखाली पत्ता?"

"नाहीतर कुणाला कळणार, कोण ते?"

गटाचे नियम मला पहिल्या झटक्यात आवडले, कारण ते शाळेसारखे होते. मूळ लेखकानं लिहिलं ते 'कॅनन', त्याला हात लावायचा नाही. बाकी सगळ्याला लावायचा. प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर निवेदन हवं की पात्रं माझी नाहीत. मी विचारलं, नोटरी लागेल का? शिवाय गोष्ट सुरू होण्याआधी वाचकाला सावध करायचं: पात्राचा मृत्यू आहे, शेवट दुःखाचा आहे, प्रेम फार सावकाश जमतं. सुरुवातीला मला हे विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, ही सोय लग्नपत्रिकेत असती तर किती बरं झालं असतं. 'सूचना: पाच भाषणं. वरमाई रुसते. जेवण सावकाश.' माणूस तयारीनं तरी जातो.

नव्या माणसानं आधी दुसऱ्यांच्या गोष्टी तपासून द्यायच्या असतात. तपासनिसाला 'बीटा' म्हणतात. हे काम माझ्यासाठीच जन्मलेलं. पुण्याच्या एका तरुणानं गोष्ट पाठवली. मी भाचीकडून ती छापून आणवली, तांबड्या पेनानं तपासली, फोटो काढून गटात टाकली. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त, अनुस्वार जागच्या जागी, आणि शेवटी: '१० पैकी ४. शेवट घाईत. हस्ताक्षर सुधारा.'

तासाभरात उत्तर आलं: "सर, टाइप केलंय."

"तरीही," मी लिहिलं. माघार घेतली की वर्ग हातचा जातो.

यानंतर गट थोडा शांत झाला. दोघा-तिघांनी गोष्टी पाठवणं थांबवलं. एकीनं 'उद्या देते, आजारी होते' असा निरोप धाडला, आणि सोबत आईच्या सहीची चिठ्ठी. चिठ्ठी थट्टेनं पाठवली होती, असं भाची म्हणते. सही मात्र व्यवस्थित होती.

एवढं झाल्यावर स्वतःची गोष्ट लिहिणं भाग होतं. विषय मला शोधावा लागला नाही. आमच्या तालुक्याच्या टोकाला कॅसलरॉक. पलीकडं १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचं गोवं, अलीकडं आपली जकातचौकी, मधे घाट आणि बोगदे. सोन्याचे चोर तिथं गेले नसते तर त्यांनाच लाज वाटली असती. 'गुलमर्गचे गूढ' उकलायला फेणे काश्मिरात जातो, 'प्रतापगडावर' जातो, मग आमच्या कॅसलरॉकनं काय घोडं मारलंय? मी काळ धरला १९५६ चा. बनेश आगगाडीनं येतो. एक कुणबी पोर त्याला जंगलातल्या वाटा दाखवतो आणि भूक लागली की जमिनीतून कंद उकरून भाजून देतो. (आमच्या कुणब्यांच्या कंदांचा जोयड्यात मेळाच भरतो, हत्तीच्या पायाएवढे एकेक. शहरातली माणसं त्यांच्याबरोबर फोटो काढतात आणि घरी जाऊन बटाटे खातात.) चोर सापडतात, सोनं सापडतं, सगळे खूश.

गट खूश नव्हता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सगळ्यात आधी आले.

"पुणे ते लोंढा ब्रॉडगेज लिहिलंय. त्या काळी मीटरगेज."

मी बदललं.

"१९५५ च्या नाकेबंदीनंतर गाडी कॅसलरॉकच्या पलीकडं जात नव्हती. तुमचे चोर १९५६ मध्ये डब्यात काय करत होते?"

मी चोरांना दोन वर्षं मागं नेलं.

"मग पोलीस म्हैसूरचे कसे? उत्तर कन्नड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात."

मी पोलिसांची बदली केली. एवढ्या दुरुस्त्या मी उभ्या नोकरीत कुणाच्या वहीत केल्या नव्हत्या. न्यू जर्सीच्या एकांना शंका होती की कंद भाजताना धूर होईल आणि चोर सावध होतील. नागपूरच्या बाईंनी एवढंच लिहिलं, "कॅननला धक्का नाही. पण पावसात बनेश एकदाही शिंकत नाही, हे खटकलं."

घाव घातला तो घरच्यांनी. भाची म्हणाली, "मामा, गोष्टीत तो मास्तर कोण?"

"कुठला मास्तर?"

"ज्याला जकातवाले, पोलीस आणि फास्टर फेणे, तिघंही सल्ला विचारायला येतात. ज्याला कानडी, मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज येतं. चोर ज्याच्या पाया पडतो."

"असतात असे मास्तर."

"याला मेरी सू म्हणतात. लेखक स्वतःच नटूनथटून गोष्टीत शिरतो. १९७३ पासून हसतात लोक याला. तो मास्तर तूच आहेस की."

"छे! तो उंच आहे."

मास्तर काढायला सांगितला. मी त्याची उंची कमी केली.

तरीही गोष्ट चालली. लोकांना कुणबी पोर आवडला. बदामाची लाल चित्रं आली, आणि मी कठड्यावर अधूनमधून एकटाच हसू लागलो. बहिणीनं आता माझ्या बायकोकडं चौकशी केली, अशी कुणकुण आहे.

आणि मग शारजाच्या एका मुलानं नवी गोष्ट टाकली. बनेश नव्हताच तीत. होता तो माझा कुणबी पोर! मला न विचारता त्यानं पोराला उचलला, पुण्यात नेला, स्वारगेटजवळ खोली घेऊन दिली, इंजिनिअरिंगला घातला, कुठल्याशा मुलीच्या प्रेमात पाडला, आणि शेवटच्या पानावर डेंग्यूनं मारला. वर सूचना होतीच: पात्राचा मृत्यू.

मी छत्री न घेता मोरीवर गेलो. सरळ फोन लावला. कठड्यावरचं गाव ऐकत होतं, त्याचं मला भान नव्हतं.

"माझा पोर मारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

कठड्यावर एकदम सामसूम. तो मुलगा बिचारा घाबरून म्हणाला, "सर, मी निवेदन दिलंय वर. पात्र माझं नाही म्हणून."

"तुझं नाही हे मला माहीतच आहे! तो कंद खाऊन वाढलेला आहे, तो डेंग्यूनं मरेल? आणि त्याला पुण्यात कोण पाठवतंय? त्याच्या आईला विचारलंस?"

"सर, ते दुसऱ्या विश्वातलं आहे. तुमच्या विश्वात तो जिवंतच आहे."

"एका पोराला दोन विश्वं कशाला?"

घरी पोचेपर्यंत गावात बातमी पोचली होती की मास्तरांचा कुणी दडवलेला पोरगा पुण्यात वारला. दोन माणसं समाचाराला आली. बायकोनं चहा केला, त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि जाताना हळूच विचारलं, "पण दिवस कधी?"

भाची गालातल्या गालात हसत होती. "मामा, एक विचारू? बनेश कुणाचा?"

"विषय बदलू नकोस."

सुपारीवाले शेजारी म्हणाले, "मास्तर, कर्ण तर आमच्याकडं दर हंगामात मरतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. मानधन मात्र दोन्ही वेळेला वेगळं."

डॉयलला होम्सला परत आणायला दहा वर्षं लागली. मला एवढी सवड नव्हती. पावसाळा संपला की भाची बेळगावला जाणार आणि टाइप करून द्यायला कुणी उरणार नव्हतं. गटात त्या वेळी स्पर्धा चालू होती, ड्रॅबलची. ड्रॅबल म्हणजे बरोबर १०० शब्दांची गोष्ट. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मी तीतूनच पोराला उठवायचं ठरवलं. निवडुंगासारखा उभा राहून तो म्हणणार होता, डेंग्यू मला नव्हे, खोलीमालकाला झाला होता. पहिला खर्डा हजारावर गेला, कारण प्रस्तावनेत मी जिल्ह्याची भौगोलिक माहिती दिली होती. भूगोल काढला. घाट काढला. पावसाचं वर्णन काढताना जीव तुटला, पण काढलं. बुटका केलेला मास्तर काढला. भाचीनं दोन्ही हात वर करून नमस्कार केला. चोर काढले. चोर गेल्यावर सोन्याला अर्थ नव्हता. तरीही चौदा शब्द जास्त.

"मामा, आता काय काढणार? पोर आणि बनेश, दोघंच राहिलेत."

पोराला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मी बनेशची सायकल काढली, मग शाळेचं नाव, मग त्याचं ते लाडकं 'ट्टॉक', आणि शेवटी उरला तो खुद्द बनेश. शब्द मोजले. बरोबर शंभर. फास्टर फेणेची अशी गोष्ट तयार झाली, जिच्यात फास्टर फेणे कुठंच नव्हता. धडधडत्या काळजानं, पूर्वेकडं तोंड करून मी ती गटात सोडली आणि दोन दांड्यांकडं बघत बसलो.

रेल्वेवाल्यांना काहीच चूक सापडली नाही. काढायला जागाच नव्हती. शारजाच्या मुलानं विचारलं, सर, पुढचा भाग मी लिहू का? मी "नाही" लिहीपर्यंत रेंज गेली. परत आली तेव्हा निकाल लागला होता. नागपूरच्या बाईंनी पहिला क्रमांक दिला होता, आणि खाली शेरा:

"बनेश इतका खरा उतरलेला मी आजवर वाचला नव्हता. कॅननला जराही धक्का नाही."